हँडसेटमधलं जीपीएस: अक्षांश-रेखांश सांगताना झालेली चूक आणि काही प्रश्न

कातळकडा

नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यात खांडसहून भीमाशंकरला चढताना आमच्यातला एक जण चार तास हरवला होता. सापडला, सुखरूप आहे, म्हणून आता शांतपणे लिहू शकतोय. त्याच्या हातात जीपीएसवाला हँडसेट (वॉकी-टॉकी) होता, माझ्याही हातात होता. दोघांकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आहे. तरी चार तास गेले, आणि ते का गेले हे मला नीट समजून घ्यायचंय.

आम्ही सात जण गणेश घाटाने निघालो होतो. पदरगडाच्या अंगाला धुकं इतकं दाट की पुढच्याची सॅक दिसेना. वर पोचून माणसं मोजली तर सहाच. वॉकीवर हाक मारली, लगेच उत्तर आलं. "वाट सुटलीये, पण जीपीएस दिसतंय, लिहून घे." त्याने वाचलं: "एकोणीस, शून्य तीन, बावन्न. त्र्याहत्तर, एकतीस, शून्य आठ." मोबाइलला रेंज नव्हती, पण नकाशा उतरवून ठेवला होता. मी त्यात १९.०३५२, ७३.३१०८ असं टाकलं. खूण पडली नेरळ स्टेशनच्या जवळ.

नेरळ म्हणजे चूक, हे बघताक्षणी कळलं. चूक कुठे झाली हे कळायला पाऊण तास गेला. मला वाटलं त्याचा सेट बिघडलाय, म्हणून मी त्याला सेट बंद करून परत चालू करायला सांगितलं. त्यानंतर त्याला नवा फिक्स, म्हणजे उपग्रहांवरून काढलेली ताजी जागा, मिळेचना. शेवटी माझ्याच सेटचा पडदा नीट पाहिला तेव्हा उलगडा झाला. तिथे १९°०३.५२' अशा धर्तीवर आकडे येतात. अंश, मग मिनिटं, मग मिनिटांचे दशांश. ते अंशांच्या दशांशात बदलले की १९.०५८७, ७३.५१८० होतात. बावीसेक किलोमीटरचा फरक.

पण खरी बोच पुढेच आहे. त्या बरोबर केलेल्या जागी आम्ही पोचलो, तर तो तिथे नव्हता. खालच्या नाळेतून (अरुंद घळीतून) शिट्टी ऐकू आली म्हणून सापडला. जागा बरोबर असून माणूस तिथे का नव्हता, हे मला अजून उमगलेलं नाही.

जाणकारांना विचारतो: आकडे वाचून सांगायची काही ठरलेली रीत आहे का? आणि सेटने स्वतःच ठावठिकाणा पाठवायची सोय आम्ही वापरायला हवी होती का?

तरंग

मित्र सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. प्रश्न अगदी योग्य आहेत, सविस्तर लिहितो.

सुरुवात एका गैरसमजापासून करतो, कारण परवाना नसलेले वाचकही इथे आहेत. जीपीएस फक्त ऐकतं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह १५७५.४२ मेगाहर्ट्झवर आपली वेळ आणि कक्षा सांगत फिरत असतात, आणि तुमचा सेट त्यावरून स्वतःची जागा काढतो. उपग्रहाला तुमचा पत्ता नसतो. सेटने काढलेली जागा दुसऱ्या माणसापर्यंत न्यायची ती तुमच्याच १४४–१४६ मेगाहर्ट्झच्या लहरीने. मध्ये डोंगराची सोंड आली तर तुमचा आवाज अडतो तशी जागाही अडते. "सॅटेलाइटवाला वॉकी आहे, कुठूनही सापडू" असं मी घाटात लोकांना म्हणताना ऐकलंय, आणि मला त्याची भीती वाटते.

आता आपोआप पाठवण्याबद्दल. हॅम लोकांची जुनी सोय म्हणजे एपीआरएस. अमेरिकेच्या नौदल अकादमीतले बॉब ब्रुनिंगा यांनी ती घडवली. २०२२ साली ते गेले, पण त्यांची पद्धत जगभर तशीच चालू आहे. सेट जागेचे आकडे एका छोट्या पुडक्यात बांधतो आणि १२०० बॉडच्या वेगाने हवेत सोडतो. साध्या रिसीव्हरवर ते एक खरखरीत 'चर्र' म्हणून ऐकू येतं, सेकंदाच्या आत संपतं. ऐकणाऱ्या सेटच्या पडद्यावर तुमचं कॉलसाइन (परवान्यावरचं ओळखनाव), दिशा आणि अंतर उमटतं. नकाशा नको, आकडे वाचायला नकोत. तुमच्या घटनेत नेरळ झालंच नसतं.

दोन मर्यादा मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. या पुडक्याची पोच येत नाही. तुम्ही पाठवलं म्हणजे कोणी ऐकलं असं नाही. युरोप-अमेरिकेत डोंगराडोंगरावर ही पुडकी पुढे ढकलणारी केंद्रं आहेत, त्यामुळे तिथले लोक निर्धास्त असतात. सह्याद्रीच्या घळीत असं केंद्र ऐकत असेल हे गृहीत धरू नका, आपल्याच गटातला एक सेट त्याच वारंवारतेवर कान देऊन ठेवा. दुसरी मर्यादा बारकाव्याची. एपीआरएसचा मूळ साचा मिनिटांच्या दोन दशांशांचा आहे. एक मिनिट अक्षांश म्हणजे १८५२ मीटर, म्हणून शेवटच्या आकड्याची एक पायरी साडेअठरा मीटरची. माणूस शोधायला पुरेशी आहे, पण कड्याच्या वर की खाली हे त्यातून ठरत नाही.

डिजिटल सेटांत बोलून बटण सोडलं की आवाजाच्या शेपटीला जागा जोडून जाते. डी-स्टार, फ्यूजन, डीएमआर, सगळ्यांत या ना त्या रूपात हे आहे. अडचण एवढीच की या पद्धती एकमेकींना समजत नाहीत. दोघांचे सेट वेगळ्या जातीचे असतील तर डिजिटल जागा पोचणार नाही, साधा एफएम आवाज मात्र पोचेल. एपीआरएस अनेक कंपन्यांच्या सेटांत चालतं म्हणून माझा कल त्याकडे.

आणि आता माझा प्रश्न. मित्राने वाचलेले आकडे कोणत्या वेळेचे होते? फिक्स तुटला तरी बरेच सेट शेवटची जागा पडद्यावर तशीच ठेवतात. एखादं चिन्ह लुकलुकतं किंवा नाहीसं होतं, बाकी आकडे जागच्या जागी. त्याच्या सेटमध्ये ट्रॅक लॉग (कधी कुठे होता याची नोंद) चालू असेल तर काढून बघा.

कातळकडा

वेळेचा विचार डोक्यातच आला नव्हता. सेट त्याच्याकडे आहे, शनिवारी भेटतोय. बघून लिहितो.

टोपोशीट

मी भूमापनात काम केलंय, त्या बाजूचं थोडं.

मराठीत आकडे वाचून सांगण्यात एक खास धोका आहे, आणि तो तुमच्या संभाषणात दिसतोय. "बावन्न", "त्र्याहत्तर" हे जोडआकडे खरखरीत हवेवर टिकत नाहीत. एकोणसाठ की एकोणसत्तर, त्रेसष्ट की त्र्याहत्तर, पंचावन्न की पंचाण्णव, यात फरक एखाद्या अक्षराचा, आणि नेमकं तेच अक्षर वाऱ्यात जातं. आम्ही सर्वेक्षणात एकेक अंक सुटा सांगायचो: "सात, तीन, अंश. तीन, एक, दशांश, शून्य, आठ, मिनिटं." अंश, दशांश, मिनिटं हे शब्द उच्चारलेच पाहिजेत. पडद्यावर ती फक्त चिन्हं असतात, म्हणून वाचणारा ती गाळतो, आणि सगळी माहिती त्या चिन्हांतच असते. ऐकणाऱ्याने पूर्ण संख्या परत म्हणून दाखवायची. सहा आणि सात तर हटकून एकमेकांसारखे ऐकू येतात, तिथे परत म्हणून घेणं हाच उपाय.

दुसरं नकाशाबद्दल. कोणाकडे भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट असतील तर ते एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती साच्यावर, बेतलेले आहेत. जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या साच्यावर चालतं. आपल्या भागात दोहोंत शंभर मीटरच्या आसपास फरक पडतो. २००५ च्या नकाशा धोरणानंतरचे खुले नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वर आहेत, ते वापरा. उघड्या माळावर शंभर मीटर काही नाही, पण घाटमाथ्याच्या कडेला शंभर मीटर म्हणजे कड्याची दुसरी बाजू.

उंचीच्या आकड्यावर तर मुळीच विसंबू नका. उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या जागेपेक्षा नेहमीच ढिली असते. त्यात काही यंत्रं लंबगोलापासूनची उंची दाखवतात, समुद्रसपाटीपासूनची नाही. आपल्याकडे या दोहोंत साठेक मीटरचं अंतर आहे, कारण हिंदी महासागरात श्रीलंकेच्या दक्षिणेला पृथ्वीच्या गुरुत्वपृष्ठाचा, म्हणजे गुरुत्वाने ठरणाऱ्या समुद्रसपाटीचा, जगातला सगळ्यात खोल खळगा आहे आणि आपण त्याच्या उतारावर बसलोय. अलिबागच्या वाळूत उभं राहून एखाद्या सेटने उणे साठ दाखवलं तर सेट बिघडलेला नाही.

रानजाई

खूप उपयोगी धागा. मी एकटी किंवा दोघी-तिघी मिळून फिरते, म्हणून विचारते. सेट दर काही मिनिटांनी जागा हवेत सोडत असेल तर ती कोणीही ऐकू शकतं ना? आणि इंटरनेटवर त्या खुणा दिसतात असंही ऐकलंय. घरापासून सुरू केलं तर घरही दिसणार.

तरंग

रानजाई, शंका रास्त आहे. हो, सगळं उघड असतं. हॅमला सांकेतिक लिपीत संदेश पाठवायला बंदीच आहे, त्यामुळे जागा झाकून पाठवण्याची वाट नाही. एखाद्या केंद्राने ती इंटरनेटला जोडली तर कॉलसाइनसकट नकाशावर दिसते आणि मागच्या खुणाही राहतात.

मी स्वतः असं करतो: घरून निघताना आपोआप पाठवणं बंद. पायथ्याच्या गावात पोचलो की चालू. सेटच्या पुडक्यात पुढे ढकलण्याचा मार्ग लिहायची जागा असते, ती रिकामी ठेवली की केंद्रं पुडकं उचलून पुढे देत नाहीत, थेट ऐकणाऱ्या आपल्या गटालाच मिळतं. जवळपास इंटरनेटला जोडलेलं एखादं केंद्र असेल तर ते थेट ऐकू शकतं, हे मात्र लक्षात असू द्या. आणि सतत पाठवण्याऐवजी फक्त बटण दाबल्यावर पाठव अशीही सोय असते. चालणाऱ्या माणसाला दर तीन ते पाच मिनिटांनी एक पुडकं भरपूर झालं. दर दहा सेकंदांनी पाठवत राहिलात तर वारंवारता तुमच्याच पुडक्यांनी तुंबते आणि बॅटरीही जाते.

दर्यावर्दी

व्यापारी जहाजांवर सतरा वर्षं झाली. तुमच्या डोंगरातल्या गोष्टीत मला समुद्रच दिसतोय, म्हणून लिहितो.

जहाजावरच्या व्हीएचएफ रेडिओला लाल झाकणाखाली एक बटण असतं. झाकण उचलून ते काही सेकंद दाबून धरलं की चॅनल ७०, म्हणजे १५६.५२५ मेगाहर्ट्झवर, आपोआप हाक जाते. तिच्यात जहाजाचा नऊ आकडी क्रमांक असतो (भारतीय जहाजांचा ४१९ ने सुरू होतो), जागा असते, आणि ती जागा किती वाजताची तेही असतं. तरंग यांनी विचारलेला प्रश्न या यंत्रणेने संदेशातच बांधून टाकलाय. जागा जुनी होऊ लागली की रेडिओ ओरडतो, आणि साडेतेवीस तासांहून जुनी झाली की स्वतःच पुसून टाकतो. चुकीची जागा सांगण्यापेक्षा जागा माहीत नाही हे सांगितलेलं बरं, असा त्यामागचा हिशेब.

नवीन माणसांना मी एकच तपासायला लावतो. रेडिओला जीपीएसची जागा खरोखर येतेय का? पुष्कळ छोट्या बोटींवर जीपीएस वेगळं आणि रेडिओ वेगळा असतो, मधल्या दोन बारीक वायरी जोडायच्या राहून जातात. दोन्ही यंत्रं उत्तम चालतात, पण लाल बटण दाबल्यावर हाक जाते ती बिनजागेची. एकदा एका बोटीवर मी हे पाहिलं. मालकाने तीन वर्षं रोज रेडिओ वापरला होता आणि त्याला कल्पनाच नव्हती. पडद्यावर अक्षांश-रेखांश दिसत नसतील तर बंदर सोडू नये.

कोकणातल्या मच्छीमारांसाठी इस्रोचं संकटसंदेश यंत्र आहे, ते मात्र खरोखर उपग्रहाकडे पाठवतं. दुसऱ्या पिढीच्या यंत्रात नियंत्रण केंद्राकडून पोच परत बोटीवर येते. बुडत्या बोटीवर "ऐकलंय" हे कळणं किती मोठं असतं, ते तिथे असलेल्यालाच ठाऊक. तुमच्या एपीआरएसला पोच नाही हे वाचून म्हणूनच थांबलो. आवाजाने तरी पोच द्यायची सवय लावा.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इकडे परीक्षा न देता मिळणारा जीएमआरएस नावाचा परवाना आहे. ३५ डॉलर, दहा वर्षं, आणि सगळं कुटुंब त्यात येतं. २०१७ च्या नियमांपासून अशा सेटांवर जागा पाठवायला परवानगी आहे, पण एक संदेश एका सेकंदाहून लांब नको आणि अर्ध्या मिनिटातून एकदाच. आम्ही ॲपलेशियन वाटेवर मुलांकडे असे सेट देतो, माझ्या पडद्यावर मुलांची टिंबं हलताना दिसतात.

डिसेंबरात भारतात येतोय, भावंडांबरोबर हरिश्चंद्रगड ठरलाय. हे सेट आणि उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र, दोन्ही घेऊन यावं म्हणतो.

तरंग

एडिसनकर, कृपया दोन्ही तिकडेच ठेवा. जीएमआरएसच्या ४६२ मेगाहर्ट्झवर इथे बोलायला तुम्हाला मुभा नाही. आणि उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र तर बॅगेतही नको. भारतात विनापरवाना उपग्रह फोन आणि तसली यंत्रं बाळगणं गुन्हा आहे. परदेशातून आलेल्या गिर्यारोहकांना केवळ ते सामानात सापडलं म्हणून विमानतळावर अडकवल्याच्या घटना झाल्यात. फक्त जागा दाखवणारं, काहीच न पाठवणारं जीपीएस वेगळं.

इथे बिनपरवान्याची सोय म्हणून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमध्ये कमी ताकदीचे सेट चालतात, तेही मान्यता असलेलेच घ्या. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, वाटेल त्या वारंवारतेवर बोलणारे सेट घेऊन गडावर जाऊ नका. कोणत्या विभागाची वारंवारता तुम्ही अडवताय हे तुम्हाला कळणारही नाही.

एडिसनकर

वेळेवर सांगितलंत. पत्नीने बॅग भरायलाही घेतली होती. मनापासून आभार.

कातळकडा

लॉग बघितला. तरंग, तुमचा अंदाज खरा ठरला.

१९°०३.५२', ७३°३१.०८' हा फिक्स ११:०६ चा आहे. त्याने ते आकडे मला वाचून दाखवले ११:४१ ला. मधल्या पस्तीस मिनिटांत एकही नोंद नाही. तो वाट शोधत नाळेत उतरला होता. डोक्यावर ओली गर्द झाडी आणि पूर्वेला कड्याची भिंत, अर्ध आभाळ झाकलेलं. धुक्याचं काही नव्हतं, धुक्यातून जीपीएस चालतं. भिंत आणि भिजलेली पानं नडली.

म्हणजे मी आकडे पहिल्या झटक्यात बरोबर टाकले असते तरी तो जिथे नव्हता तिथेच आम्ही गेलो असतो. इतके दिवस मी फक्त नेरळच्या चुकीला दोष देत होतो. आणि सेट बंद करायला सांगून मी शेवटचे आकडेही त्याच्या पडद्यावरून घालवले. ते जुने आहेत हे कळलं असतं तर वाटेवरची शेवटची जागा म्हणून तरी ती धरता आली असती: इथपर्यंत तो नक्की होता, इथून खाली उतरला.

रविवारी आम्ही सिंहगडाच्या उतारावर सराव केला. एक जण झाडीत लपला, दुसऱ्याने वॉकीवरून जागा घेऊन शोधायचं. सात फेऱ्या केल्या. पहिल्या दोन फेऱ्यांत अजूनही "दशांश" म्हणायचं राहिलं. पाचव्या फेरीत लपलेल्याचा फिक्स तुटला होता, पण त्याने आधी चिन्ह पाहिलं आणि सांगितलं, "आकडे नऊ मिनिटं जुने आहेत, त्यानंतर मी ओढ्याच्या कडेने उतरलोय." शोधणारा बारा मिनिटांत पोचला. एपीआरएसवर केलेल्या दोन फेऱ्यांत एकदा पडद्यावर थेट ३४० मीटर, ईशान्य असं आलं. दुसऱ्यांदा सोंड आड आल्याने काहीच आलं नाही, शोधणाऱ्याला धारेवर चढावं लागलं, मग आलं.

टोपोशीट

"आकडे नऊ मिनिटं जुने आहेत, त्यानंतर उतरलोय" हे वाक्य फार मोलाचं. ते तसंच ठेवा.

रानजाई

आमच्या पुढच्या भटकंतीत हाच सराव करणार. हॅमच्या परीक्षेचा अर्जही भरतेय.

हिरवी_नाळ

हरवलेला तो मी. कातळकड्याने धागा दाखवला म्हणून खातं उघडलं.

एक गोष्ट कोणी विचारली नाही, म्हणून सांगतो. चष्म्यावर पाणी होतं, पडद्यावर पाणी होतं, हात थरथरत होते, आणि अक्षरं तांदळाच्या दाण्याएवढी. चिन्ह लुकलुकत होतं का? मला खरंच आठवत नाही. मी फक्त मोठे आकडे वाचले, कारण तेवढेच दिसत होते. सेट बंद करायला सांगितल्याचा मला राग नव्हता, कोणीतरी पलीकडे आहे एवढंच त्या वेळी पुरत होतं.

आता सेटच्या पाठीवर पांढरी पट्टी चिकटवून त्यावर पक्क्या शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलंय. दर ट्रेकला निघण्यापूर्वी ते मोठ्याने वाचतो:

चिन्ह स्थिर आहे का?
किती वाजताचं?
अंश – मिनिटं – दशांश, एकेक अंक.
परत म्हणून घे.
हलू नकोस.